मंचरचा गोठा आणि जालन्याचें पाणी

पहांटे दाराशीं दुधाची पिशवी येऊन पडते, ती कात्रीनें कापून पातेल्यांत ओतली जाते, आणि दुधाशीं आपला संबंध तेथेंच सुरू होऊन तेथेंच संपतो. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं गाईला नांव होतें, तिच्या विण्याची तिथि वडीलधाऱ्यांस तोंडपाठ होती, त्याच घरांतील मुलें आज दूध ओळखतात तें पिशवीच्या रंगावरून. यांत मुलांचा दोष नाहीं. शहरें वाढलीं, वाडे गेले, परसें गेलीं, आणि परसाबरोबर गायहि गेली. परंतु ज्या पदार्थावांचून आपल्या घरांत एकहि दिवस उजाडत नाहीं व एकहि सण पार पडत नाहीं, तो कोठें, कसा आणि कोणाच्या कष्टानें तयार होतो, हें सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक नसावें, ही गोष्ट खचित भूषणावह नव्हे.

गेल्या हिवाळ्यांत हें सारें पाहण्याचा योग आम्हांस निराळ्याच निमित्तानें आला. जालना जिल्ह्यांत बदनापूर तालुक्यांत आमच्या स्नेह्यांचें एक एकत्र कुटुंब आहे. मोसंबीची बाग, थोडी कोरडवाहू जमीन आणि दावणीला चार गाई, एवढा त्यांचा पसारा. घरांतील पुतण्या शेतकीचा पदवीधर. त्यानें दोनशें गाईंचा आधुनिक गोठा काढण्याची योजना आंखली होती. त्यासाठीं कर्ज घेण्याची, आणि प्रसंग पडल्यास बागेचा एक तुकडा विकण्याचीहि त्याची तयारी होती. काका या बेतास सर्वथा प्रतिकूल होते. घरांत दोन तट पडले, जेवतांना बोलणें बंद झालें. शेवटीं आजींनींच तोड काढली, "आधीं डोळ्यांनीं पाहून या, आणि मग भांडा." जालना जिल्ह्यांत एवढ्या विस्ताराचा गोठा आमच्या माहितींत नव्हता. म्हणून पुणें जिल्ह्यांत मंचर येथें असलेला भाग्यलक्ष्मी डेअरी फार्म पाहण्याचें ठरलें. आजी, काका, पुतण्या आणि आम्ही अशी मंडळी निघालों.

तेथें काय पाहिलें हें सांगण्यापूर्वीं थोडा मागील इतिहास सांगणें अवश्य आहे, कारण मोठा गोठा ही कल्पना आपल्या प्रांतास नवी नाहीं. मुंबईच्या भरवस्तींत पूर्वीं म्हशींचे तबेले असत. दुभती म्हैस बाहेरून आणावी, तिचें दूध आटलें म्हणजे शहरांतील महाग चाऱ्यावर तिला पोसणें परवडूं नये, आणि चांगल्या जातिवंत जनावरानें कसाईखान्याची वाट धरावी, असा तो क्रम होता. तो मोडावा म्हणून दारा खुरोडी यांच्या पुढाकारानें १९४९ सालीं गोरेगांवाजवळ आरे येथें दूध-वसाहत उभी राहिली, व १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें तेथील दुग्धशाळेचें उद्घाटन झालें. शहरांतील हजारों म्हशी एका मोकळ्या जागीं आणून ठेवण्याचा तो प्रयोग होता. याच्या थोडें आधीं, १९४६ सालीं, गुजराथेंत खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं निराळी वाट धरली होती. जनावरें ज्याच्या त्याच्या दारांत राहावीं, दूध मात्र एकत्र यावें, ही ती वाट. पुढें १९६३ सालीं खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन या तिघांस मिळून मॅगसेसे पारितोषिक देण्यांत आलें. दोन्ही वाटांचा गौरव अशा रीतीनें एकदमच झाला.

देश चालला तो मुख्यतः दुसऱ्या वाटेनें. कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ १९६३ सालीं निघाला, १९७० पासून सुमारें पंचवीस वर्षें 'दूध महापूर' योजना चालली, आणि १९९८ सालीं दुधाच्या उत्पादनांत हिंदुस्थान जगांत पहिला आला. हें सर्व दूध बहुतांशीं दोन-चार जनावरें बाळगणाऱ्या घरांतून येतें. मंचरचा गोठा हा पहिल्या वाटेवरचा, म्हणजे सारीं जनावरें एका ठिकाणीं ठेवणारा आहे. देवेंद्र शहा यांनीं १९९२ सालीं मंचर येथें पराग ही दुधाची संस्था काढली. आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून दूध घेऊन त्याचे पदार्थ करणें हा तिचा मूळ उद्योग. त्याच मंडळींनीं पुढें स्वतःच्या मालकीच्या गाईंचा हा गोठा उभारला.

अशा गोठ्यांत पाहुण्यानें वाटेल तेथें हिंडावें असें चालत नाहीं. ठराविक वाटेनेंच नेतात, आणि तें योग्यच आहे. लाळ-खुरकूत माणसाच्या पायांबरोबर एका गोठ्यांतून दुसऱ्यांत जातो, आणि २०२२ सालीं लम्पी त्वचारोगानें महाराष्ट्रांत किती दावणी ओस पाडल्या हें खेड्यापाड्यांतील लोक विसरलेले नाहींत. एकत्र ठेवलेल्या दोन हजारांहून अधिक गाईंत एक रोगी जनावर निघालें तर काय अनर्थ ओढवेल, याची कल्पनाच केलेली बरी.

गाई सर्व काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन फ्रीजियन जातीच्या. उत्तर समुद्राच्या कांठचा थंड, हिरवा, ओलसर मुलूख हें या जातीचें माहेर. त्यांना दाव्यानें बांधलेलें नसतें. उंच छपराखालीं, वाऱ्यास मोकळ्या अशा प्रशस्त आवारांत त्या हिंडतात, बसतात, रवंथ करतात, आणि वाटेल तेव्हां गव्हाणीशीं येतात. गव्हाणींत कडबा निराळा, पेंड निराळी, हिरवें निराळें असा प्रकार नाहीं. सर्व कांहीं तोलून, यंत्रानें कालवून एकजीव करून घालतात, म्हणजे गाईला आवडीचें तेवढें वेंचून बाकीचें टाकतां येत नाहीं. मुलांस भाजी खाऊं घालणाऱ्या मातांस ही युक्ति सहज पटेल.

सर्वांत पाहण्यासारखी जागा म्हणजे धारा काढण्याची. एक विशाल वर्तुळाकार चबुतरा मंदगतीनें फिरत असतो आणि त्यावर एका वेळीं पन्नास गाई उभ्या राहतात. तेल्याच्या घाण्यांत बैल फिरतो व घाणा उभा राहतो; येथें गाय उभी राहते व घाणा फिरतो. गाई आपण होऊन एकामागून एक त्यावर चढतात, कोणी काठी उगारीत नाहीं. कास धुतली जाते, पहिल्या दोन-चार धारा पाहून टाकून देतात, व मग चार सडांस चार पेले लावतात. ते पेले वासराप्रमाणेंच ओढतात आणि सोडतात, मिनिटास सुमारें साठ वेळां. दूध येणें थांबलें कीं पेले आपोआप सुटून पडतात, सडांस औषध लागतें, आणि फेरा पुरा झाला कीं गाय उलट पावलीं उतरून चालती होते. कास धुण्यांत केवळ स्वच्छता नाहीं. त्या स्पर्शानेंच गाईला पान्हा फुटतो. तो कांहीं मिनिटेंच टिकतो आणि गाय बिचकली तर आटतो. आपल्या घरच्या गवळणी धार काढण्यापूर्वीं कासेवर पाण्याचा हात कां फिरवीत, आणि त्या वेळीं गोठ्यांत आरडाओरड कां करूं देत नसत, याचें मर्म येथें उलगडतें.

दूध माणसाच्या हातास न लागतां नळीनेंच पुढें जातें आणि लागलींच चार अंशांपर्यंत थंड केलें जातें. कासेतून निघालेलें दूध कोमट असतें, आणि कोमट दुधांत जंतु अर्ध्या तासाच्या आंतच दुप्पट होऊं शकतात. उन्हाळ्यांत दूध नासतें त्याचें मूळ पुष्कळदां आपल्या स्वयंपाकघरांत नसून, धार काढल्यापासून तें थंड होईपर्यंत गेलेल्या वेळांत असतें.

परंतु पुतण्याचें लक्ष फिरत्या चबुतऱ्यावर खिळलें असतां काकांचें लक्ष दुसरीकडेच गेलें. अशा गोठ्यांत प्रत्येक गाईस क्रमांक असतो, व त्या क्रमांकापुढें तिचा सर्व वृत्तांत असतो. ती केव्हां व्याली, कितवें वेत, आज दूध किती, काल किती, माज केव्हां आला, औषध कोणतें दिलें, सर्व. गाईच्या अंगावर बांधलेलें लहानसें यंत्र तिचीं पावलें मोजतें. माजावर आलेली गाय अधिक चालते आणि आजारी गाय कमी चालते. तेव्हां माणसाच्या डोळ्यांस दिसण्यापूर्वींच यंत्र सूचना देतें. काका बराच वेळ स्तब्ध उभे होते. मग म्हणाले, "आमच्या चार गाईंपैकीं कोणती घरास पोसते आणि कोणती घर खाते, हें मला आज विचारशील तर सांगतां यायचें नाहीं." तीस वर्षें गाई बाळगणाऱ्या माणसाचे हे शब्द आम्हांस फार मोलाचे वाटले.

आजींचा प्रश्न अगदीं निराळा होता. "वासरें कुठें आहेत?" मोठ्या गोठ्यांत वासरूं जन्मल्यावर लवकरच आईपासून वेगळें करतात आणि त्यास बाटलीनें अथवा भांड्यानें पाजतात. आपल्या मनास हें रुचत नाहीं, आणि रुचूं नये हेंच स्वाभाविक आहे. परंतु एका बाबतींत या शास्त्रानें वासराची बाजू आपल्या घरांहून अधिक कसोशीनें घेतली आहे. मानवी आईच्या उदरांतून रोगप्रतिकाराचें बळ बालकाकडे जातें, तसें गाईच्या उदरांतून वासराकडे जात नाहीं. तें त्यास मिळतें केवळ चिकांतून, आणि तेंहि जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं तासांत. एक दिवस उलटला कीं वासराच्या आंतड्यास तें शोषून घेण्याची शक्ति राहत नाहीं. म्हणून पहिल्या सहा तासांत वासरास तीन-चार लिटर चीक पाजलाच पाहिजे असा नियम आहे. आजी म्हणाल्या, "माझ्या सासूबाई पहिल्या दिवसाचा चीक घरांत येऊंच देत नसत. आम्हांला वाटे, त्यांचा कांहीं सोंवळ्याचा नियम असेल." खरवस आपणां सर्वांस प्रिय आहे, परंतु तो वासराचें पोट भरल्यानंतरचा असावा.

वासरांपैकीं निम्मे गोऱ्हे निघतात, हा यापुढचा अवघड प्रश्न. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची गरज कमी झाली, आणि विलायती रक्ताच्या बिनवशिंडाच्या गोऱ्ह्यास औताला कोणी विचारीत नाहीं. महाराष्ट्रांत गोहत्या १९७६ च्या कायद्यानें बंद झाली होती. १९९५ सालची दुरुस्ती २०१५ सालीं अंमलांत येऊन बैल आणि वळूंसहि तें संरक्षण मिळालें. कायद्यानें जीव वांचतो, पण त्याचा चारा कायदा घालीत नाहीं. ज्याच्याकडे दोन गाई आहेत तो एक गोऱ्हा कसाबसा सांभाळील. दोनशें गाईंच्या मालकानें दरसाल जन्मणाऱ्या शंभराच्या सुमारास गोऱ्ह्यांचें काय करावें? शंभरांत नव्वदाच्या आसपास कालवडीच जन्माव्या असें निवडक रेत आतां मिळूं लागलें आहे, व सुज्ञ गोपालकांचा ओढा तिकडे आहे. तथापि गोठा काढूं पाहणाऱ्यानें या खर्चाचें पान आपल्या हिशेबांत आधींच उघडावें.

परतीच्या वाटेवर पुतण्यानें कागद-पेन्सिल काढली. त्याचा हिशेब आम्ही जसाच्या तसा देतों, कारण सर्व प्रवासाचें सार त्यांत आहे. दिवसाला वीस-पंचवीस लिटर दूध देणारी गाय सुमारें शंभर लिटर पाणी पिते. दोनशें गाईंस वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे दोन टँकर, रोज, आणि तेंहि नुसतें पिण्यास. गोठा धुणें आणि उन्हाळ्यांत गाईंवर फवारे मारणें यांस पाणी वेगळें. याहून मोठा आंकडा चाऱ्याचा. एका गाईस दिवसाला वीस किलो मुरघास धरला तर वर्षाचे सात टनांवर होतात. दोनशें गाईंचे जवळजवळ दीड हजार टन. मक्याच्या एका एकरांतून एका हंगामास पंधरा-सोळा टन निघतात असें धरलें, तरी नव्वद एकर मका पाण्याखालीं पाहिजे. पुतण्याच्या घरची सर्व जमीन त्याच्या चौथाईइतकीहि नाहीं.

मंचरच्या परिसरांत घोड नदी आहे, आणि तिच्यावर डिंभें येथें धरण आहे. जालना जिल्ह्याची गोष्ट वेगळी. पाऊस वर्षास सुमारें सातशें मिलिमीटर, तोहि लहरी. जमिनीखालीं काळा कातळ, त्यांत पाणी मुरतें थोडें आणि टिकतें त्याहून थोडें. दक्षिणेस अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांस जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा लाभ आहे. बदनापूर, भोकरदन, जाफराबाद या बाजूस विहीर हाच मुख्य आधार. या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या नदीचें नांव दुधना आहे खरें, पण २०१२-१३ च्या दुष्काळांत याच मुलखांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि मराठवाड्यांतील जनावरें चाऱ्याच्या छावण्यांत नेऊन बांधावीं लागलीं. त्यांत वैशाखांतील चाळीस अंशांवरचें ऊन, आणि होल्स्टीन गाय थंड देशची. पंखे आणि फवारे यांच्या बळावर अरबस्तानच्या वाळवंटांतहि प्रचंड गोठे चालतात, हें खरें. पण तेथेंहि चाऱ्यासाठीं जमिनींतील पाणी इतकें उपसलें गेलें कीं सौदी सरकारनें हिरव्या चाऱ्याची लागवड आवरती घेतली, आणि तेथील अल्मराई या मोठ्या संस्थेनें २०१४ सालीं थेट अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतीं चाऱ्यासाठीं जमीन घेतली. परदेशांतून चारा आणण्याइतकें धन बदनापुरच्या शेतकऱ्यापाशीं नाहीं.

दराचाहि विचार हवा. मंचरच्या गोठ्याचें दूध स्वतंत्र नांवानें मुंबई-पुण्याच्या घरांत जातें, आणि साध्या दुधाहून पुष्कळ अधिक दर देणारें गिऱ्हाईक त्याला आहे. सामान्य शेतकऱ्याचें दूध साडेतीन फॅट व साडेआठ एस.एन.एफ. या मापानें विकलें जातें, आणि दर ठरवितो दुसराच. २०१७ च्या जूनांत आणि २०१८ च्या जुलैंत महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांनीं रस्त्यावर दूध ओतलें. दूध ओतणाऱ्याच्या मनाला त्या वेळीं काय वाटलें असेल, हें ज्याच्या घरीं गाय आहे तोच जाणे. कर्ज काढून दोनशें गाई बांधणाऱ्याचा हप्ता दर पडला म्हणून थांबत नाहीं.

मग मंचरला जाणें व्यर्थ झालें काय? मुळींच नाहीं. फिरता चबुतरा जालन्यास नेतां येणार नाहीं, पण त्या गोठ्याचें बळ त्या चबुतऱ्यांत नव्हतेंच. प्रत्येक गाईची नोंद, तोलून दिलेलें आंबोण, सदैव समोर असलेलें स्वच्छ पाणी, दाव्यापासून मोकळीक, वासरास वेळेवर चीक आणि दूध तत्काळ थंड करणें, यांत तें बळ आहे. यांपैकीं बहुतेक गोष्टी दहा गाईंच्या गोठ्यांतहि होतात. नोंदीस एक वही पुरते. मोकळ्या गोठ्यास थोडें कुंपण आणि थोडी सावली पुरते. पावसाळ्यांतील मका कापून, दाबून, हवाबंद पिशव्यांत भरून ठेवला कीं दीड महिन्यांत मुरघास तयार होतो व उन्हाळ्यास पुरतो. मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारी गाई दूध कमी देतात, पण येथलें ऊन सोसतात. त्यांचाहि विचार असावा. जिल्ह्यांत दुधाचें संकलनहि पूर्वींपेक्षां सुधारत आहे; २०१६ च्या सुमारास सुरू झालेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पांत जालन्याचा समावेश झाला.

आणि पाणी आधीं, गाय नंतर, हा क्रम शिकण्यास जालनेकरांस मंचरपर्यंतहि जावें लागत नाहीं. जिल्ह्यांतच कडवंची नांवाचें गांव आहे. खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या मदतीनें, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखालीं, १९९६ नंतरच्या कांहीं वर्षांत तेथें पाणलोटाचें काम झालें. बांध घातले, पाणी अडविलें, पुढें शेतकऱ्यांनीं शेततळीं खोदलीं, आणि मग द्राक्षांच्या बागा आल्या. आधीं बागा लावून पाणी मागाहून शोधलें, असें तेथें घडलें नाहीं.

बदनापुरच्या त्या घरांत आतां बारा गाईंचें ठरलें आहे. जमीन विकावयाची नाहीं. पहिल्या वर्षीं शेततळें, दुसऱ्या वर्षीं मक्याचा मुरघास, आणि तिसऱ्या वर्षीं गाई. पंचविशींतल्या मुलास तीन वर्षें थांबावयास सांगणें सोपें नसतें, आणि पुतण्याचा चेहरा उतरलेला होता हें आम्ही लपवीत नाहीं. पण काकांनींहि आपल्या हट्टाचा वांटा सोडला. मंचरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशीं त्यांनीं चार गाईंच्या नांवांची एक वही घातली व ती पुतण्याच्या स्वाधीन केली. महिनाभरांत वहीनें सांगितलें कीं चारांतील एक गाय दोन वर्षें नुसती खातच होती. तिला वेळेवर डॉक्टर दाखविल्यावर ती आतां गाभण आहे.

वाचक भगिनी-बंधूंनीं यांतून काय घ्यावें? पिशवीवर छापलेला दर वाढला कीं आपण कुरकुरतों. त्या दरांत गाईचें पाणी, उन्हाळ्याचा चारा, भाकड दिवसांचा खर्च आणि गोऱ्ह्याचें पोट हीं सारीं येतात, आणि पुष्कळदां तीं भरून निघतहि नाहींत. ज्यांस आपलें दूध जवळपासच्या शेतकऱ्याकडून घेतां येईल त्यांनीं एकदां त्याचा गोठा पाहावा, भांडीं पाहावीं, दूध किती वेळांत थंड होतें तें विचारावें, आणि सर्व ठीक असेल तर दोन रुपये अधिक द्यावे. सुट्टींत मुलांस घेऊन जावें. पुढच्या वेळीं कोणी खरवसाचा चीक आणून दिला, तर त्यास प्रथम वासराची खुशाली विचारावी.